पिंटोसाहेबांच्या तबकड्या आणि अक्का

आमच्या घरात दिवसाचा पहिला आवाज खलबत्त्याचा असे. आई अक्काचं औषध कुटायची. वेखंड, ओवा आणि आणखी कसल्या कसल्या मुळ्या. वेखंडाचा तो उग्र वास माझ्या अंथरुणापर्यंत यायचा आणि त्या वासानंच मला जाग यायची. मग काढा उकळायचा, गाळायचा, पितळी वाटीत निवायचा, आणि चुलीशेजारी उभी राहून अक्का तो एका दमात पिऊन टाकायची. तोंड वाकडं करायची नाही, वर गूळ मागायची नाही. वाटी धुऊन पालथी घालायची आणि भाकरी थापायला बसायची. तिच्या भाकरी थापटण्याचा आवाज आईच्यापेक्षा वेगळा होता, हलका आणि एकसारखा. डोळे मिटून मी सांगू शकायचे की आज परातीपुढं कोण बसलंय.

अक्का म्हणजे अप्पांची थोरली बहीण, सुमित्रा. अप्पा तिला अक्का म्हणत, म्हणून आईही म्हणे, आणि मीही. घरात आम्ही चौघंच. अक्काला देगलूरजवळच्या एका गावात दिली होती, मोठ्या शेतकरी घरात. मी चार-पाच वर्षांची असताना, बहात्तरच्या मोठ्या दुष्काळात, तिचे थोरले दीर तिला आणून सोडून गेले. तुमच्या मुलीला फेफरं येतंय, आमच्याकडं सांभाळणं होत नाही, एवढंच सांगून गेले. पुढच्या वर्षी तिच्या नवऱ्यानं दुसरं लग्न केलं. अप्पांनी मात्र बहिणीला टाकलं नाही. नांदेडचे डॉक्टर झाले, उदगीरचे वैद्य झाले, एका दर्ग्यात सात गुरुवार झाले. तिला आमच्या घरी एकदाही फेफरं आलं नाही. अप्पा म्हणायचे, औषधाचा गुण आहे, बंद करायचं नाही. बारा वर्षं ते औषध चाललं. अक्का बोलायची कमी. चार माणसांत तर नाहीच. पाहुणे आले की ती मागल्या दारी जाऊन बसायची आणि आम्हीही त्याला सरावलो होतो. तिच्या स्वभावाचं आम्हाला कधी काही वाटलं नाही, हे आज साठीला आल्यावर लिहिताना मला फार बोचतं.

अप्पांचं लातूरच्या बाजारपेठेत, गंजगोलाईत, दुकान होतं. दोर, सोल, बादल्या, पोहरे, कप्प्या, असं विहिरीवर लागणारं सामान. ज्या वर्षांची मी गोष्ट सांगतेय, तेव्हा लातूर नुकतंच उस्मानाबादेतून निघून स्वतंत्र जिल्हा झालं होतं. गावात सगळीकडं रंगाचा वास. पाट्यांवरचं जुनं नाव खरवडून नवं लिहायचं काम चालू. कचेऱ्यांना जागा पुरेनात, म्हणून कुणाच्या माडीवर एक खातं, कुणाच्या गोडाउनात दुसरं. नव्या जिल्ह्याचं कौतुक सगळ्यांना होतं, आणि त्याच सुमाराला पावसानं पाठ फिरवली. एक वर्ष कसंबसं गेलं, दुसऱ्या वर्षी विहिरींचे तळ दिसायला लागले. अप्पा गिऱ्हाईक काय मागतं त्यावरून गावाची हालत सांगायचे. "मुरुडचा माणूस आला होता. मागल्या साली बारा हात दोर नेला, औंदा वीस हात मागायलाय." रात्रीच्या जेवणात हुलग्याचं माडगं आणि शेंगदाण्याची चटणी आली की समजायचं, भाजी बाजारात आलीच नाही. टँकर यायचा दिवसाआड. मी आणि अक्का घागरी घेऊन रांगेत उभ्या राहायचो. अक्काला एक वेगळी सवय होती. आपला नंबर आला तरी ती मागं वळून बघायची, कुणी लेकुरवाळी आहे का, आणि असली तर तिला पुढं घालायची. मी चिडायचे.

नव्या जिल्ह्याबरोबर साहेबलोक आले आणि त्यांना राहायला जागा हव्या होत्या. आमच्या घराच्या पुढच्या दोन खोल्या अप्पांनी भाड्यानं द्यायच्या ठरवल्या. आले ते पिंटोसाहेब. गोव्याचे. पाण्याच्या खात्यात भूवैज्ञानिक, म्हणजे कुठं बोअर घेतलं तर पाणी लागेल हे सांगणारा माणूस. पन्नाशीचे, सडपातळ, बायको वारलेली, मुलगी मडगावला बहिणीकडे. आम्ही लिंगायत, घरात मांसमच्छी नाही. आईनं आधीच बजावलं की अंडंसुद्धा चालणार नाही. साहेब हसले. "बाई, लातुरांत पाणी मिळेना, मासे खंयचे मिळतले?" आईनं त्यांच्यासाठी कपबशी वेगळी ठेवली होती, खिडकीत. साहेबांना ते पहिल्याच दिवशी कळलं असणार. तिसऱ्या दिवशी ते स्वतःचा स्टीलचा पेला घेऊन आले आणि म्हणाले, "हेंत द्या. कप फुटलो तर तुमका त्रास." त्या वेळी मला वाटलं, किती समजूतदार माणूस. खरं तर लाजायला आम्हाला हवं होतं, हे मला सुचलंसुद्धा नाही.

दिवसभर ते जीपमधून हिंडायचे, चाकूरकडं, देवणीकडं, औशाकडं. संध्याकाळी परत येताना हातात काळ्या दगडाचे तुकडे असायचे. ते तुकडे आमच्या ओट्यावर मांडून ठेवायचे आणि कुणी विचारलं की सांगायचे, हा निबर, ह्यात पाणी नाही. हा सच्छिद्र, ह्यात असू शकतं. सामानात एक रेकॉर्ड प्लेअर होता, विजेवर चालणारा, झाकणातच कर्णा असलेला. आणि फडक्यात गुंडाळलेली पुठ्ठ्याची एक चपटी पेटी. त्यांचा मामा इटालियन जहाजावर बँडमध्ये व्हायोलिन वाजवायचा. शेवटच्या सफरीत त्यानं ती पेटी आणली होती. दोन तबकड्या, चार बाजू, आणि एक पातळ पुस्तिका, जिच्यात इटालियन शब्द एका बाजूला आणि इंग्रजी दुसऱ्या बाजूला होते. तबकड्यांवर एक अख्खा ऑपेरा, म्हणजे गाऊन केलेलं नाटक होतं. त्याचं नाव साहेब सांगायचे, पण आमच्या जिभेवर ते बसलं नाही. आईनं त्याला नाव दिलं 'मिठागरवाली', आणि पुढं साहेबही तेच म्हणायला लागले.

पहिल्यांदा लावलं तो रविवार होता, दुपारचे तीन. बाहेर ऊन असं की रस्त्यावर कुत्रंही नाही. मी साहेबांच्या खोलीच्या दारात बसले होते, आई चौकटीला टेकून. अक्का आतल्या दाराआड सुपात ज्वारी निवडत होती. आधी खरखर, मग व्हायोलिनं, मग एकदम एक बाई असा आवाज काढून उठली की वात विझावी तशी आईची बोलती बंद झाली. आम्ही भजनं ऐकली होती, रेडिओवरची सिनेमातली गाणी ऐकली होती. हा आवाज त्यातल्या कशासारखाच नव्हता. सगळं अंग लावून ओरडायचं आणि तरी सुरात राहायचं. पाच मिनिटांत शेजारचे बसप्पाकाका धावत आले. "कोन गेलं हो? काय झालं?" साहेबांनी घाईनं सुई उचलली आणि माफी मागितली. बसप्पाकाकांना खरं कारण सांगितलं तर ते पटेना. आई मला हळूच म्हणाली, "ही बाई गायलीय का रडायलीय?"

दाराआडून अक्काचा आवाज आला, "दोनी."

आम्ही सगळ्यांनी त्या दाराकडं बघितलं. परक्या पुरुषासमोर अक्का बोलली होती. साहेब मान डोलवत म्हणाले, "बरोबर. दोनूय." आणि त्यांनी सुई परत टेकवली.

एका रविवारी एक बाजू, असा त्यांचा नेम होता. आधी ते पुस्तिकेतून गोष्ट सांगायचे, अर्धी मराठी अर्धी कोकणी, मग ऐकवायचे. गोष्ट साधी होती. समुद्रकाठचं एक गाव, मिठागरात राबणाऱ्या बाया. त्यातली एक नेल्ला. नवरा जहाजावर गेलेला. एका वादळात दारावर थाप पडते. बाहेर जखमी माणूस, ज्याला गावानं वाळीत टाकलंय आणि ज्याला कुणी आसरा द्यायचा नाही असं ठरलंय. नेल्ला दार उघडते. एवढंच. पुढं गाव बोलायला लागतं. पुष्कळ वर्षांनी पुण्यात संगीत शिकवणाऱ्या एका बाईंना मी हे सांगितलं, तेव्हा त्या म्हणाल्या की तिकडं अशा ऑपेरांचं एक वळणच होतं, व्हेरिस्मो म्हणतात. राजेराण्या आणि देवदेवता सोडून गाडीवान, कोळी, धोबिणी अशा माणसांची गाणी. मी सांगितलेला हा ऑपेरा मात्र त्यांनीही ऐकला नव्हता. थोडे दिवस चालला असेल आणि लोक विसरले असतील, म्हणाल्या. मला गंमत वाटली. जे तिकडं विसरलं गेलं ते लातुरात चार जणांना जवळजवळ पाठ होतं.

पाठ म्हणजे आपल्या पद्धतीनं. विजेचा दाब सारखा कमी-जास्त व्हायचा. दाब उतरला की तबकडी सावकाश फिरायची आणि नेल्लाचा आवाज म्हशीच्या हंबरण्यासारखा व्हायचा. चढला की ती चिमणीसारखी चिवचिवायची. आम्ही हसायचो, साहेब कपाळाला हात लावायचे. दुसऱ्या रविवारी अक्का सूप घेऊन दाराच्या अलीकडं आली होती. तिसऱ्या रविवारी तिनं सूप आणलंच नाही. भिंतीला टेकून बसली, हात मांडीवर, डोळे जमिनीवर. अप्पा एरवी रविवारी दुपारी झोपायचे, पण बहीण काय ऐकतेय ते बघायला तेही येऊन बसायला लागले. त्यांना गाण्यातलं काही कळत नव्हतं. अक्काच्या तोंडावर काहीतरी हललेलं त्यांना दिसलं होतं, आणि त्याचं श्रेय त्यांनी औषधालाच दिलं.

चौथी बाजू म्हणजे शेवट. गावाचा सण असतो, चर्चसमोर सगळे जमलेले, नेल्लाचा नवरा परत आलेला. सगळं गाव गातं, चढत चढत जातं, ढोल, घंटा, पन्नास माणसांचा आवाज. आणि मग सगळं थांबतं. वाद्यंही. त्या शांततेत नेल्ला चार शब्द बोलते. गात नाही. आपण बोलतो तशी बोलते.

साहेबांनी सुई उचलली. "हें गाणें नाही. इथें सूर नाहीच, पुस्तिकेंत लिहिलां आसा, नुसतें बोल."

"काय म्हणती?" अक्कानं विचारलं.

"म्हणते, दार मी उघडलें. मीच."

"कुणी विचारलंवतं तिला?"

"सगळो गांव विचारता."

"मग न्हाई म्हणायचं होतं की."

"न्हाई म्हणली असती तर वांचली असती." साहेबांनी सुई परत टेकवली. नेल्लाचं बोलणं संपतं, मग नवरा सुरा काढतो, मग एक किंकाळी, आणि वाद्यांचा एवढा मोठा कल्लोळ की झाकणातला कर्णा थरथरायचा.

तबकडी थांबली. आईनं पदर डोळ्याला लावला. अक्काला मात्र राग आला होता. "येवढं खरं बोलली आन् मेली? लिवणाराला दुसरं काही सुचलं न्हाई?" साहेब मोठ्यानं हसले आणि म्हणाले, "बाई, हो प्रश्न मामाक विचारायला हवो होतो." मग अक्कानं त्यांना विनंती केली की ते मधलं परत लावा. किंकाळी नको, बोलणं. त्यांनी लावलं. तिनं आणखी एकदा सांगितलं. पुढच्या रविवारीही तिला तेच हवं होतं. सुई नेमकी त्या जागी टेकवायचं कसब साहेबांना जमून गेलं. पन्नास जणांचा आवाज, एकदम शांतता, आणि एका बाईचं साधं बोलणं. अक्का ओठ न हलवता ऐकायची.

त्याच उन्हाळ्यात देगलूरहून निरोप आला. अक्काची सवत वर्षापूर्वी काविळीनं गेली होती, हे आम्हाला उडत उडत कळलं होतं. तिची सहा वर्षांची मुलगी होती. आता काशिनाथमामा, म्हणजे अक्काचे यजमान, तिला न्यायला येणार होते. अप्पांना किती आनंद झाला ते मी शब्दांत सांगू शकत नाही. त्यांनी दोन दिवस आधी ओटा सारवून घेतला, कुठून तरी चांगला गूळ आणला, आईला पुरणपोळी कर म्हणाले. बहिणीचा संसार परत उभा राहतोय, बारा वर्षांच्या औषधाचं चीज झालं, असं त्यांना वाटत होतं. अक्काला कुणी काही विचारलं नाही. ती नेहमीसारखी भाकरी थापत होती. फक्त त्या दिवशी सकाळी भाकरी दोनदा फाटली.

ते तिघं आले. काशिनाथमामा, त्यांचे थोरले भाऊ, आणि मुलगी. मामांना मी पहिल्यांदाच नीट बघितलं. मला वाटलं होतं दुष्ट दिसणारा माणूस असेल. तसं काही नव्हतं. खांदे पडलेला, उन्हानं रापलेला, चप्पल काढतानाही कुणाच्या आधी तर काढत नाही ना असं बघणारा माणूस. थोरले मात्र ऐसपैस बसले. मुलगी बापाच्या धोतराला धरून होती, ओठ वाळून गेलेले. पिंटोसाहेब त्या दिवशी घरीच होते. ते उठून बाहेर जायला लागले, तर अप्पांनी त्यांना बसवून घेतलं, घरचेच आहात म्हणाले.

अक्का पाणी घेऊन आली. आधी मुलीला दिलं. मुलगी घटाघटा प्यायली, अक्कानं दुसरा तांब्या दिला, तोही प्यायली. मग थोरल्यांना दिलं. मग मामांपुढं तांब्या धरला आणि बारा वर्षांनी ती नवऱ्याशी पहिलं वाक्य बोलली.

"केराबाई हाय का गावात?"

मामा गोंधळले. मग हळू म्हणाले, "न्हाई. लेकानं पुण्याला नेली. आठ सालं झाली असतील. सगळं घरच गेलं तिकडं."

"बरी हाय?"

"बरी हाय म्हणतेत."

अक्कानं मान हलवली आणि दाराशी जाऊन उभी राहिली. केराबाई कोण, आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. थोरल्यांनी घसा खाकरून विषयाला हात घातला. "मग काय म्हणतीय बहिणीची तब्येत? फेफरं येतंय का आजून?"

अप्पा हात जोडल्यासारखं करत म्हणाले, "न्हाई न्हाई. औषध चालू हाय. देवाच्या कृपेनं पुरी बरी हाय."

"मला फेफरं कधी आलंच न्हाई," अक्का म्हणाली.

आवाज चढलेला नव्हता. भाकरी झाली, जेवायला या, असं म्हणावं तसं ती बोलली. अप्पांना आधी कळलंच नाही. थोरले म्हणाले, "काय बोलायलीस?"

"खरं बोलायलेव. मला फेफरं न्हवतं. मी केराबाईला आन् खालच्या वस्तीतल्या बायकांना आपल्या हिरीचं पाणी दिलं. तिच्या हातात पंधरा दिवसांचं लेकरू होतं. त्यांच्या हिरीत चिखल होता. हीर बाटली म्हणून तुमी मला इथं आणून सोडलं. आन् कुठं बोललीस तर केराबाईच्या घराला गावात काम मिळू देणार न्हाई, राहू देणार न्हाई, म्हणलात. म्हणून बोलले न्हाई. आता केराबाई गावात न्हाई."

साहेबांच्या हातात स्टीलचा पेला होता, तो तसाच अधांतरी राहिला. थोरल्यांचा चेहरा तापला. "डोकं फिरलंय हिचं. हेच ते फेफरं. बघा, तुमच्या तोंडासमोर..."

"खरं हाय ते," काशिनाथमामा म्हणाले. ते जमिनीकडं बघत होते.

"काश्या!"

"खरं हाय, दादा. मी होतो तिथं. हिच्या हातानं घागर वर येईना, तर दोर मी वढला." मग ते अक्काकडं बघायचा प्रयत्न करत म्हणाले, पण नजर तिच्या पायापर्यंतच गेली, "आन् तुमी इचारलं तवा मी गप बसलो."

मी आयुष्यात पुष्कळ माणसं खोटी पडताना बघितली. खरं बोलून इतकं लहान झालेलं माणूस एवढं एकच बघितलं. मला त्या वेळीही त्यांची कीव आली, आजही येते.

थोरले उठून ओट्यावर गेले. मामा बसूनच राहिले. म्हणाले, "आता ती हीर कोरडी पडली. सरकारी बोअर त्यांच्याच वस्तीत लागलंय. आख्खं गाव तिथं रांगेत उभं असतंय. दादा बी." त्यात टोमणा नव्हता, फुशारकी नव्हती. गावाकडची बातमी सांगावी तसं सांगितलं. मग म्हणाले, "चलतीस का?"

अक्का त्या मुलीकडं बघत होती. मुलगी आता माझ्या आईच्या मांडीशी सरकली होती आणि पुरणपोळीचा तुकडा खात होती. "लेकरासाठी आलाव, मला कळतंय," अक्का म्हणाली. "पर मी न्हाई यायची. हिला सुट्टीत धाडत जा. न्हाणं-जेवणं, शाळेचं काय असंल ते मी बघते. तुमच्या घरी मात्र न्हाई."

ते गेले. मुलीच्या हातात आईनं पोळ्यांची पुरचुंडी दिली. अप्पा दारापर्यंत सोडायला गेले नाहीत. संध्याकाळी ते स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर येऊन बसले, जिथं ते एरवी कधी बसत नसत.

"बारा वरसं औषध कामून प्यालीस मग?"

"तू आणत होतास म्हणून."

अप्पांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "मला तरी सांगायचं होतं, अक्का. मी तुझा भाऊ हाय."

अक्का पीठ मळत होती. तिचे हात थांबले नाहीत. "सांगितलं असतं, तर तू कुणाच्या बाजूनं बोलला असतास, म्हादप्पा?"

दुकानातल्या हमालांचे पेले वेगळ्या कोनाड्यात पालथे घातलेले असतात हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. अप्पांनी उठून फळीवरची मुळ्यांची बरणी उतरवली आणि मागल्या दारी जाऊन उकिरड्यावर रिकामी केली. दुसऱ्या दिवशी सकाळी घरात एवढी शांतता होती की मला उशिरा जाग आली. कोनाड्यातले पेले हलायला आणखी काही वर्षं लागली, तेही मीच हट्ट धरल्यावर, आणि पुरते नाही. अप्पा वाईट नव्हते. ते बदलले, पण एका दिवसात बदलले असं लिहिलं तर ते खोटं होईल.

पिंटोसाहेबांची त्या पावसाळ्यानंतर बदली झाली, जो पावसाळा म्हणण्यापुरताच होता. जाण्याआधी त्यांनी विचारलं, तबकड्या ठेवून जाऊं? अक्का नको म्हणाली. "तुमच्या मामाची आठवण हाय ती. आन् माझं ऐकून झालं." ते गेल्यावर आईनं खिडकीतली कपबशी कपाटात आमच्या कपबश्यांबरोबर लावली. उशीर झाला होता, तरी लावली.

अक्का सातवीपर्यंत शिकलेली होती. नव्या जिल्ह्यात बालवाड्या निघत होत्या, बायका हव्या होत्या. ती एकटीच कचेरीत गेली, कुठल्या तरी माडीवर होती ती, अर्ज स्वतःच्या हातानं लिहून दिला. अप्पा म्हणाले, मी येतो सोबत. ती म्हणाली, "नको, मला वाचता येतंय." चाकूर तालुक्यातलं एक गाव मिळालं. काशिनाथमामांची मुलगी, रेणुका, दिवाळीच्या आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत तिच्याकडं यायला लागली. मामाच एसटीनं आणून सोडायचे, आणि ओट्यावरूनच परत जायचे. अक्का त्यांना पाणी द्यायची, जेवायला वाढायची. त्यापुढं त्यांचं आपसात काय बोलणं व्हायचं, व्हायचं की नाही, मला माहीत नाही आणि मी कधी विचारलं नाही. रेणुका आज परभणीला शिक्षिका आहे. तिच्या लग्नात मुलीची आई म्हणून अक्काच उभी होती.

पण मला लिहायचं होतं ते त्या गावातल्या पहिल्या दिवसाचं. सामान लावून द्यायला मी बरोबर गेले होते. एक पत्र्याची ट्रंक, एक वळकटी, स्टोव्ह. राहायला खोली मिळाली होती ती एका म्हातारीच्या घरातली. म्हातारी दारात शेंगा फोडत बसली होती. तिनं अक्काला वरपासून खालपर्यंत बघितलं. गळ्यात मंगळसूत्र, कपाळाला कुंकू, विभूती, आणि एकटी बाई. गावात असं कुणी आलं की जे विचारतात ते तिनं विचारलं.

"कुणाची गं तू? कुठं दिलती?"

लातुरात बारा वर्षं ह्या प्रश्नाला अक्का पदर ओढून आत निघून जायची आणि उत्तर आई द्यायची, तब्येत बरी नसते म्हणून. मी तोंड उघडणार तेवढ्यात अक्का ट्रंक खाली ठेवून म्हणाली,

"देगलूरकडं दिलती, आजी. खालच्या वस्तीतल्या बायकांना हिरीचं पाणी दिलं म्हणून सासरच्यानी आणून सोडली. मालक हाईत. मी जात न्हाई."

म्हातारीचे हात शेंगांवर थांबले. मी तिच्या तोंडाकडं बघत होते. आता ती खोली नाही म्हणते की काय, परतीची एसटी किती वाजता आहे, असले विचार माझ्या डोक्यात. म्हातारीनं आणखी एकदा अक्काकडं बघितलं, मग सूप बाजूला सारून उठली, कमरेवर हात ठेवत.

"बस," ती म्हणाली. "च्या ठेवते. आन् उद्या बालवाडीला माझ्या नातवाला घे. लई रडतंय, पर घे."

अक्कानं ट्रंक उघडली आणि पाटी शोधायला लागली. "नाव काय त्याचं?" तिनं विचारलं.